चाळिसावं घर

मला त्या माणसाचा अजून राग येतो, म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे. राग ओसरला की लिहिणं व्हायचं नाही.

नगरपालिकेच्या गटार विभागात खर्चाचे अंदाज काढायचं काम त्यांच्याकडे होतं. एखाद्या गल्लीत नळ्या टाकायच्या तर किती मीटर खणावं लागेल, किती चेंबर बांधावे लागतील, सिमेंट किती, मजुरी किती, हे सगळं कागदावर मांडायचं. आयुष्यभर हेच केल्यामुळे असेल, बोलायला लागले की वाक्याची सुरुवात ‘अंदाजे’नं. भिंतीवरच्या घड्याळाकडे सरळ बघत म्हणायचे, “अंदाजे साडेदहा झाले.” त्यामुळे शिपायापासून मुख्य लेखापालांपर्यंत सगळे त्यांना अंदाजे म्हणायचे, आणि ते त्या नावाला ओ देत. मी पाणी विभागातली. घरोघर जायचं, मीटरचं झाकण उघडायचं, आकडा वहीत लिहायचा. मला सगळे मीटरबाई म्हणतात. कार्यालयात आमच्या टेबलांमध्ये एक जिना आणि दोन कपाटं होती, आणि पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

खालच्या गल्लीत अंदाजेंच्या ताईंचं घर होतं. ताई त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा अंदाजे सहा वर्षांचे होते. त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन्सिलींना टोक काढून देण्यापर्यंत सगळं ताईंनी केलं. लग्न होऊन त्या खालच्या गल्लीत राहायला गेल्या, पुढे नवरा वारला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला. अंदाजेंनी लग्न केलं नाही. शिंप्याच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे आणि रोज संध्याकाळी ताईंकडे जेवायला जायचे. तेवढाच त्यांचा संसार.

ही गल्ली गावाच्या उताराच्या टोकाला. तिथे पावसाचं पाणी आणि घरांचं सांडपाणी एकाच जुन्या नळीतून जायचं. पाऊस वाढला की ती नळी तुडुंब भरायची आणि सगळं उलटं फिरून न्हाणीच्या जाळीतून घरात यायचं. लोक दरवर्षी फरशा धुवायचे, नाकाला पदर लावायचे, नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पण एका वर्षी ते पाणी दोन दिवस घरात गुडघाभर राहिलं. ताईंच्या गाद्या गेल्या, धान्य गेलं, लग्नातला लाकडी पलंग फुगून उलला. तिसऱ्या दिवशी भाचा टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, आई, आता बस झालं.

त्या वेळी अंदाजे काय करत होते? हातात टेप घेऊन भिंतीवरची पाण्याची रेघ मोजत होते. अहवालाला लागते म्हणून. सामान चढलं, दोऱ्या बांधून झाल्या. ताई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, “गटार झालं की येईन परत.” अंदाजेंनी मान डोलावली, रेघेची उंची वहीत टिपली आणि त्याच आठवड्यात खालच्या गल्लीच्या नव्या गटाराचं पहिलं खर्चपत्रक बनवलं. सांडपाण्याला एक नळी, पावसाच्या पाण्याला दुसरी. शेवटच्या पानावर त्यांची सही आहे, मी पाहिली आहे. इतकी ठसठशीत सही त्यांनी पुढे कधी केली नाही.

लोकांना वाटतं गटार म्हणजे खड्डा आणि नळी. नगरपालिकेत नोकरी केली की कळतं, गटार म्हणजे आधी पैसा. अर्धा खर्च सरकार देणार, उरलेल्या अर्ध्यासाठी नगरपालिका कर्ज काढणार, आणि ते कर्ज गल्लीतल्या घरांवर गटारकर बसवून वीस वर्षांत फेडणार. मग कर्ज देणारा विचारतोच, फेडायला माणसं आहेत का? म्हणून नियम होता की योजनेत निदान चाळीस घरं वापरात पाहिजेत. घर वापरात आहे की नाही हे ठरायचं आमच्या मीटरवरून. सलग तीन महिने आकडा हलला नाही की वहीत ‘बंद’ असा शेरा पडायचा आणि घर मोजणीतून जायचं.

सुरुवातीला गल्लीत एकसष्ट घरं वापरात होती, पण तेव्हा सरकारकडे निधी नव्हता. निधी यायला लागला तोवर घरं गळायला लागली होती. गटार नाही म्हणून माणसं गल्ली सोडत होती, आणि माणसं गल्ली सोडत होती म्हणून गटार होत नव्हतं. या फेऱ्यात अंदाजे दरवर्षी नवे दर लावून तेच खर्चपत्रक नव्यानं लिहायचे. बजेटच्या दिवसांत मुख्य लेखापालांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. मोठा पैसा मिळणार नाही हे त्यांनाही माहीत असायचं. योजनेच्या नावापुढे निदान हजाराची नाममात्र तरतूद ठेवा, एवढंच मागणं. नाव एकदा बजेटातून गेलं की पुन्हा घालायला सगळं पहिल्यापासून.

मुख्य लेखापाल चष्म्यावरून बघत विचारायचे, “काय हो अंदाजे, हे भिजत घोंगडं अजून किती वर्षं?”

“अंदाजे एक,” हे म्हणायचे.

सतरा वर्षांत या उत्तरात फरक पडला नाही. बाकीचे हसायचे. मीही हसायची, उगाच कशाला लपवू.

ताईंचं घर माझ्या फेरीत आलं तेव्हा मी नोकरीत नवीन होते. आजूबाजूचे सांगायचे, इथे कुणी राहत नाही. पण मीटर दर महिन्याला दोन-तीन युनिटं दाखवायचा. मला वाटलं गळती असेल, किंवा कुणीतरी पाणी चोरतंय. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मुद्दाम गेले, तर दार सताड उघडं. आत हे गृहस्थ पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडून, खराटा घेऊन फरशी धूत होते. नळ धो धो चालू.

“तुम्ही इथे काय करताय?” मी विचारलं.

ते चोरी करताना सापडल्यासारखे उभे राहिले. “अंदाजे... साफसफाई.”

“रिकाम्या घरात?”

“ताई येणार आहे. गटार झालं की.” मग खराट्याकडे बघत म्हणाले, “आणि मीटर हलला नाही तर घर मोजणीतून जाईल.”

मला अशी तिडीक आली म्हणून सांगू. “म्हणजे माझ्या वहीत तुम्ही खोटं लिहवून घेताय!”

“छे, छे. खोटं एक अक्षर नाही. पाणी खरंच वाहिलंय. बिलही मीच भरतो.”

आता याला काय म्हणायचं? माझं काम आकडा लिहायचं. मीटर दाखवेल तो लिहायचा. मी तीन युनिटं लिहिली, शेऱ्याच्या रकान्यात ‘वापरात’ लिहिलं आणि निघाले, तर मागून म्हणाले, “चहा टाकलाय. अंदाजे दोन कप होईल.”

तिथून ते सुरूच झालं. महिन्यातून एक शनिवार. माझी फेरी मी अशी लावून घेतली की ते घर शेवटी यावं. मी पोचायची तेव्हा फरशी ओली असायची, खिडक्या उघड्या, भांडी पालथी घातलेली. फडताळात पाच कप होते. त्यातला दांडीला तडा गेलेला माझा. मी बोलायची, ते ऐकायचे. माझा संसार तीनच वर्षांत आटोपला होता, नवरा दुसरीकडे रमला होता; तो विषय इतर कुणापुढे काढला की लोक एक तर हळहळायचे नाहीतर सल्ले द्यायचे. हे दोन्ही करायचे नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणायचे, “अजून अर्धा कप?” मला तेवढं पुरायचं.

त्यांचं स्वतःचं बोलणं म्हणजे ताई. ताई भाकरी कशी थापायची, ताई हिशेबाच्या वहीवरून कशी ओरडायची, या कोनाड्यात ताईचा डबा असायचा, या खुंटीला तिची पिशवी. उललेला पलंग त्यांनी सुतार लावून दुरुस्त करून घेतला होता, त्यावर धुतलेली चादर असायची आणि त्यावर कधीच कुणी बसायचं नाही. ताईंना ते दर रविवारी फोन करायचे. ताई विचारायच्या, गटार कुठवर आलं? हे सविस्तर सांगायचे: फाईल अमुक टेबलावर आहे, अमुक शेरा मारलाय, दर वाढलेत.

“आणि तू कधी येतेस, असं नाही विचारत?” मी एकदा म्हटलं.

“कसं विचारणार? गटार झालं नाही ना अजून.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

सतराव्या वर्षी मात्र घोडं गंगेत न्हायची वेळ आली. सरकारनं निधी मंजूर केला, कर्ज द्यायला संस्था तयार झाली, फक्त घरं मोजून घ्यायची होती. मी माझ्या वह्या काढून मोजली. वापरातली घरं चाळीस. ताईंचं धरून. पुन्हा मोजली, चाळीसच. अंदाजेंच्या टेबलाशी जाऊन आकडा सांगितला तर त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

कर्ज देणाऱ्या संस्थेचा तपासनीस घरं डोळ्यांनी बघायला येणार होता. तो शनिवारी दुपारी आला. अंदाजेंना नेमकं साहेबांनी नकाशे घेऊन बोलावून घेतलं होतं, त्यामुळे किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली होती. “तुम्ही फक्त दार उघडा,” म्हणाले. मी लवकर गेले. फरशी धुतली. चहा ठेवला. माझ्या चपला दारात काढल्या होत्या, ओढणी खुंटीला लावली होती. तपासनीस कागद हातात घेऊन सरळ आत पाय टाकायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, फरशी ओली आहे, दिसत नाही का? पाय पुसा आधी!”

बिचारा ओशाळला. पाय पुसले, आत डोकावला, चुलीवरचं आधण बघितलं, पलंग बघितला. “किती माणसं राहता?” त्यानं विचारलं.

“दोन,” मी म्हटलं.

त्यानं ‘वापरात’ अशी खूण केली आणि पुढच्या घराकडे गेला. मी मात्र तशीच उभी राहिले. खोटं बोलले याचं काही वाटत नव्हतं. ‘दोन’ म्हणताना जीभ जराही अडखळली नव्हती, याच गोष्टीनं मला हलवून टाकलं. चहा उकळून निम्मा झाला तरी मला भान नव्हतं. पंधरा मिनिटं ते माझं घर होतं, आणि मला ते अतिशय आवडलं होतं. इतकं की संध्याकाळी किल्ली परत देताना मी अंदाजेंवर विनाकारण खेकसले.

गटार झालं. दीड-दोन वर्षं गल्लीभर खड्डे, मातीचे ढीग, फळ्यांवरून तोल सावरत जाणं, पण झालं. दोन नळ्या, प्रत्येक घरासमोर चेंबर, त्यांवर गोल लोखंडी झाकणं. अंदाजे रोज कार्यालय सुटल्यावर जायचे आणि नळीवर पाणसळ धरून उतार बघायचे. ठेकेदाराच्या नाकी नऊ आणले. काम संपलं त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी एकच वाक्य म्हटलं, “अंदाजे एकोणीस वर्षं लागली,” आणि खाली बसले. त्या दिवशी हसलं कुणी नाही.

पुढच्या पावसाळ्यात भाच्यानं ताईंना मोटारीतून आणून सोडलं, आठ दिवसांसाठी. मी शनिवारी वही घेऊन गेले. दारात दोन जोड चपला. आत त्या पलंगावर एक लहानखुरी म्हातारी बाई पाय लांब करून बसलेली. अंदाजे खिडकीशी. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचं घर दिसत नव्हतं, आणि गल्लीत पाणी थांबत नव्हतं. सगळं सरसर रस्त्याकडेच्या जाळीत जात होतं. अंदाजे मधूनच न्हाणीत जाऊन जाळीकडे बघून यायचे आणि म्हणायचे, “कोरडी आहे.”

चौथ्यांदा म्हणाले तेव्हा ताई बोलल्या, “कळलं रे. कोरडी आहे. बस आता.”

ते बसले.

“चांगलं झालंय गटार,” ताई म्हणाल्या. “पण तू एवढी वर्षं त्याच्या मागे का लागलास?”

“तू म्हणाली होतीस ना. गटार झालं की येईन.”

ताईंनी पाय जवळ ओढून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ऐकलंस गं? याला मी वाढवला.” आणि पुन्हा त्यांना, “अरे, काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले मी. भाऊ भिंत मोजतोय, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, तेव्हा बाईमाणसानं काय म्हणावं? पाऊण तास घोटाळले मी दारात. एकच गाठोडं तीनदा सोडून बांधलं. म्हटलं, हा आत्ता म्हणेल, ताई, जाऊ नकोस, चल माझ्याकडे.”

“माझी एकच खोली होती, ताई.”

“मला माहीत नव्हती का तुझी खोली? चटई टाकली असती. तिथं जाऊन पहिली दोन वर्षं रोज रडले मी. प्रत्येक रविवारी फोनवर वाटायचं, आज म्हणेल. तर तू सांगणार फाईल कुठल्या टेबलावर आहे.”

अंदाजेंचा चेहरा मला बघवेना. ते तोंड उघडून म्हणाले, “अंदाजे...” मी वही उघडून त्यात डोकं घातलं.

“मग आता राहा,” शेवटी ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“आता कुठली राहते? माझी औषधं तिथं, नात शाळेतून येते तेव्हा दारात मी लागते तिला. आता या घरात मला रात्री न्हाणीचा दिवा सापडत नाही.” ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मी तुझ्यासारखी गप्प नाही बसायची. तूच चल माझ्याकडे. बघ, म्हटलं. किती वेळ लागला?”

खरंच वेळ लागला नव्हता. तीन शब्द होते.

पुढच्या शेवटच्या शनिवारी मी गेले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. सामान जेमतेम: एक ट्रंक, एक गादी, नकाशांची नळी. शिंप्याच्या दुकानावरची खोली त्यांनी सोडली होती. अंदाजे मला बघून उतरून आले. माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही थोडा.

“आता मीटर हलणार नाही,” ते म्हणाले. “‘बंद’ लिहा. कर्ज मंजूर होऊन गेलंय, आता घर मोजणीत नसलं तरी चालतं.” मग खिशातून किल्ली काढली. “ही तुमच्याकडे असू द्या. अधूनमधून खिडक्या उघडाल का?”

“उघडेन.”

मी मीटरचं झाकण उघडलं. आकडा बघितला, वहीत लिहिला. तो बरोबर आहे का म्हणून पुन्हा बघितला. मग झाकण लावलं, आणि शेवटचा आकडा नीट दिसला नाही म्हणून परत उघडलं. ते शेजारी उभे होते. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. सतरा वर्षं मी या माणसाला हसले, कपाळावर हात मारला, एवढं साधं कसं बोलता येत नाही म्हणून तणतणले. माझे तर दोनच शब्द होते.

“जपून जा,” मी म्हटलं.

“अंदाजे पोचलो की फोन करतो,” ते म्हणाले. वाकून चेंबरचं झाकण नीट बसलंय का ते पायानं दाबून बघितलं आणि टेम्पोत चढले.

पोचल्यावर त्यांनी फोन केला. आता दर रविवारी करतात. विचारतात, पाऊस कसा आहे, गल्लीत पाणी थांबत नाही ना? मी सविस्तर सांगते.

परवा महिन्याचा शेवटचा शनिवार होता. ताईंचं घर शेवटी ठेवलं. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, सलवार पोटऱ्यांपर्यंत दुमडली आणि नळ सोडून फरशी धुतली. पलंगाखालूनसुद्धा. पाणी सरळ जाळीतून गेलं, एक थेंब मागे आला नाही. मग तडा गेलेल्या कपात चहा घेतला आणि बाहेर येऊन मीटर बघितला. दोन युनिटं. वहीत तशी लिहिली, आणि पुढे ‘वापरात’.